जखमींच्या दाव्याला सहा महिन्यांची कुलपे नकोत

मा. संपादक,

मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीने कलम 166 मध्ये घातलेली सहा महिन्यांची मुदत 1 एप्रिल 2022 पासून लागू झाली. अपघाताच्या दिवसापासून सहा महिन्यांत भरपाईचा अर्ज आला नाही, तर मोटार अपघाताचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाने तो दाखलच करून घेऊ नये, असे हे कलम म्हणते. उशिराचे सबळ कारण असल्यास काय करावे, याविषयी ते गप्प आहे. 1988 च्या मूळ कायद्यातही सहा महिन्यांचीच मुदत होती, परंतु योग्य कारण दाखवल्यास बारा महिन्यांपर्यंतचा अर्ज स्वीकारण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला होता, आणि 1994 मध्ये तर ही मुदतच संसदेने काढून टाकली होती. म्हणजे तीस वर्षांपूर्वी जे अन्याय्य ठरले, ते आधीपेक्षा कडक स्वरूपात परत आले आहे.

यवतमाळ, वर्धा, चंद्रपूरच्या खेड्यांत या मुदतीचा अर्थ काय होतो, ते पाहावे. कापूस वेचणीच्या दिवसांत मजूर बायाबापड्या ऑटोत किंवा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत दाटीने बसून दुसऱ्या गावच्या शिवारात जातात. दिवाळीच्या सुमारास अपघात होऊन मांडीचे हाड मोडले, तर जखमीला आधी तालुक्याला, तेथून यवतमाळ किंवा नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात अथवा सेवाग्रामला नेतात. सळई टाकली जाते, हाड जुळत नाही, पुन्हा शस्त्रक्रिया होते. कायमचे अपंगत्व किती टक्के, हे उपचार पुरे होऊन प्रकृती स्थिरावल्यावरच वैद्यकीय मंडळ सांगू शकते. तोवर अखाजी (अक्षय्य तृतीया) येते आणि मुदत संपत आलेली असते. दाखला नंतर जोडता येतो, अर्ज आधी करावा, हे कायद्याने बरोबर आहे. पण दाखल्याशिवाय दाव्यात दम नाही असे मानून थांबणारे घर खेड्यात अपवाद नाही. शिवाय कर्ता माणूसच खाटेवर असताना गुन्ह्याची प्रथम खबर, पंचनामा, वाहनाच्या विम्याचे कागद मिळवण्यासाठी पोलीस ठाण्याच्या चकरा मारायच्या कोणी, हा प्रश्न उरतोच.

विमा कंपन्यांचे म्हणणे असे, की वर्षानुवर्षांनी येणाऱ्या दाव्यांत साक्षीपुरावा विरतो आणि बनावट प्रकरणे घुसतात. या म्हणण्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याच वाहनाचा क्रमांक घालून दावे उभे केल्याची प्रकरणे न्यायालयांपुढे आली आहेत. परंतु त्यावरचा इलाज याच दुरुस्तीत आहे. कलम 159 नुसार पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांच्या आत न्यायाधिकरणाकडे व विमा कंपनीकडे पाठवायचा आहे, आणि कलम 166(4) नुसार तो अहवालच भरपाईचा अर्ज मानायचा आहे. कंपनीला अपघाताची खबर एवढ्या लवकर मिळत असेल, तर जखमीच्या उशिराने तिचे नुकसान होत नाही. आणि मिळत नसेल, तर तो दोष पोलीस ठाण्याचा, त्याची शिक्षा जखमीला का? पीडितांचे हक्क सांगणारा छापील नमुना पोलिसांनी दहा दिवसांत द्यावा, असाही नियम आहे. तो हाती पडल्याचे सांगणारा माणूस आमच्या भागात मला अजून भेटलेला नाही.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेची कथा वेगळी नाही. खात्यातून वर्षाला 20 रुपये कापले जातात आणि अपघाती मृत्यूला दोन लाखांचे संरक्षण असते, परंतु पासबुकातील ती नोंद घरच्यांच्या ध्यानात पुष्कळदा तेरवी आटोपल्यावर येते, आणि दाव्याचा अर्ज शक्यतो 30 दिवसांत द्यावा अशी अपेक्षा आहे. केवळ उशीर झाला म्हणून खरा दावा नाकारू नये, असे विमा नियामक प्राधिकरणाने 20 सप्टेंबर 2011 च्या परिपत्रकातच कंपन्यांना बजावले आहे. शाखेत अर्ज घेणाऱ्या कर्मचाऱ्याला ते ठाऊक असावे, एवढी तजवीज बँकांनी करावी.

या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले असून, नोव्हेंबर 2025 मध्ये न्यायालयाने अंतरिम आदेश देऊन, मुदतबाह्य म्हणून दावे फेटाळू नयेत असे न्यायाधिकरणांना व उच्च न्यायालयांना सांगितले. हा दिलासा तात्पुरता आहे. निकालाची वाट न पाहता संसदेने कलमात सुधारणा करावी: मृत्यूच्या दाव्याला किमान एक वर्ष द्यावे, जखमीच्या दाव्याची मुदत अपंगत्वाच्या दाखल्याच्या तारखेपासून मोजावी, आणि त्यानंतरही सबळ कारण असल्यास विलंब माफ करण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला स्पष्ट शब्दांत द्यावा. विदर्भातील खासदारांनी, ते कोणत्याही पक्षाचे असोत, येत्या अधिवेशनात ही मागणी लावून धरावी.

आपला,
एक निवृत्त ग्रामसेवक,
ता. केळापूर, जि. यवतमाळ