चॅनल १ वरचा मामा : मशीन रूममधल्या काकांना

काका, नमस्कार.

फोनवर तुम्हाला हल्ली नीट ऐकू येत नाही म्हणून हे सगळं लिहून काढतेय, तुमची लेक वाचून दाखवते म्हणालीय. आणि सगळ्यांसमोर लिहितेय कारण स्टुडिओच्या मशीन रूममधे रात्र रात्र डेकसमोर, म्हणजे टेप रेकॉर्ड करणाऱ्या मशीनसमोर, बसणाऱ्या माणसाचं नाव कधी क्रेडिटमधे येत नसे, आणि मला वाटतं ते फार चुकीचं होतं.

गेल्या महिन्यात मामाची टेप उघडली काका. जानेवारी २००५ मधे आपण दोघांनी रेकॉर्ड केलेली ती निळसर मोठी डिजी बीटा, म्हणजे स्टुडिओतली डिजिटल व्हिडिओ कॅसेट, १२४ मिनिटांची. वीस वर्षं आईच्या कपाटात साड्यांच्या वर उभी ठेवलेली होती, तुम्ही सांगितलं होतंत तशी, आडवी नाही. त्या टेपवर काय निघालं ते सांगायचंच आहे, पण आधी मला २००३ च्या ऑगस्टमधली ती रात्र सांगू दे, कारण त्या रात्रीशिवाय ही टेप झालीच नसती.

मला अंधेरीत त्या स्टुडिओत लागून दहा-बारा दिवस झाले होते. सिरियलचा एपिसोड ऑनलाइन, म्हणजे शेवटचं एडिट, होऊन आला, सकाळी सहाला माणूस टेप न्यायला येणार, आणि मला सांगितलं मास्टर मार, म्हणजे अंतिम टेप रेकॉर्ड कर. मी डिजी बीटा डेकमधे टाकली, रेक आणि प्ले एकत्र दाबलं, मॉनिटरवर चित्र आलं, आवाज आला, आणि मी खुर्ची ओढून बावीस मिनिटं अख्खा एपिसोड डोळ्यात तेल घालून बघितला. एक फ्रेम हलली नाही की कुठे आवाज फाटला नाही. तुम्ही चहाचा ग्लास घेऊन आत आलात, मॉनिटरकडे बघितलंच नाहीत, थेट डेकच्या काउंटरकडे बघितलंत आणि विचारलंत, "टेप फिरतेय का बाळा?" टेप फिरत नव्हती. कॅसेटचा लाल टॅब लॉकवर होता, डेकने रेकॉर्डिंग घेतलंच नव्हतं, आणि मी जे बघत होते ते सगळं ई-ई. मागून सिग्नल आत आला, सर्किटमधून फिरून तसाच मॉनिटरला गेला, टेपला त्याचा स्पर्शसुद्धा नाही. पहाटेचे सव्वातीन वाजले होते आणि मला रडूच फुटलं.

तुम्ही ओरडला नाहीत. टॅब सरकवलात, माझ्यासमोर पुन्हा पहिल्यापासून सगळं लावलंत, आणि रेकॉर्डिंग चालू असताना स्विच कॉन्फीवर नेलात. चित्र किंचित मागे पडलं, अगदी काही फ्रेम. तुम्ही म्हणालात, "हे आता टेपवरनं परत येतंय, रेकॉर्डिंग हेडच्या मागोमाग वाचणारी वेगळी हेड आहेत ह्याच्यात. मॉनिटरवर दिसतं ते आलेलं चित्र, कॉन्फीवर दिसतं ते राहिलेलं चित्र. आपण राहिलेलं बघायचं." मी हे वाक्य त्या रात्री वहीत लिहून घेतलं, ती वही अजून आहे.

मग पुढचं वर्षभर तुम्ही मला जे दिलंत ते कुठल्या कोर्समधे मिळालं नसतं. एक मिनिट बार आणि टोन, म्हणजे लेव्हल जुळवायला रंगांचे पट्टे आणि एकसुरी आवाज, मग काळी फ्रेम, मग घड्याळ, आणि कार्यक्रमाची पहिली फ्रेम टाइमकोडवर, म्हणजे टेपवरच नोंदलेल्या वेळेवर, बरोब्बर १०:००:००:०० ला, म्हणजे टेप कुणाच्याही हातात पडली तरी त्याला विचारायला लागू नये की सुरुवात कुठे. टोन -१८ डेसिबलला, आणि का, तर डिजिटलमधे शून्याच्या वर काही नसतं, अ‍ॅनालॉग टेपवर जरा जास्त गेलं तर आवाज थोडा दाबला जायचा पण ऐकवायचा, इथे शून्याला डोकं आपटलं की ते कायमचं तुटलं, म्हणून वर जागा ठेवायची. नवीन टेप आधी एकदा शेवटपर्यंत पुढे पळवून परत मागे आणायची. बाहेरच्या दमट हवेतनं आलेली कॅसेट लगेच डेकमधे घालायची नाही, काही तास खोलीत ठेवायची, नाहीतर ओलाव्याने ड्रमला, म्हणजे हेड बसवलेल्या फिरत्या गोलाला, चिकटेल. टेप आत ओढली जाते, ड्रमभोवती गुंडाळली जाते तो आवाज तुम्ही डोळे मिटून ऐकायचात. एकदा नुसत्या त्या आवाजावरनं टेप बाहेर काढलीत आणि कडेला दुमडलेली निघाली, मला तो फरक ऐकू यायला वर्ष गेलं.

क्रॅश रेकॉर्ड, असेंबल आणि इन्सर्ट ह्या टेपवर रेकॉर्ड करायच्या तीन पद्धतींतला फरक तर तुम्ही मला खिडकीच्या पडद्यावरनं समजावलात. पडद्याला मधेच कात्री लावून दुसरा तुकडा नुसता जवळ धरला तर ते क्रॅश, शिवण नाही, टाइमकोड तुटला, टेपची चाल सांभाळणारा कंट्रोल ट्रॅक तुटला. असेंबल म्हणजे पाच सेकंद मागे जाऊन आधीचा धागा पकडून तिथून पुढे विणत जायचं. आणि इन्सर्ट म्हणजे पडदा अखंड आहे, त्यातला एकच रंगाचा दोरा काढून दुसरा घालायचा, बाकी काही हलवायचं नाही, नुसतं चित्र बदला, नुसता आवाजाचा चॅनल ३ बदला.

आता मामाची गोष्ट. माझा मामा दशावतारात संकासुर करायचा हे तुम्हाला मी चहा पिताना सांगितलं होतं. कार्तिकी पौर्णिमेनंतर आमच्याकडे सिंधुदुर्गात गावोगाव जत्रा लागतात, रात्रभर दशावतार आणि सकाळी दहीकाला. त्याला लिहिलेली संहिता नसते, आख्यान ठरलेलं आणि संवाद रंगमंचावर उभं राहून तिथल्या तिथे. संकासुराचं तर विचारूच नका, काळा झगा, काळं तोंड आणि मालवणीत जे सुचेल ते, समोर बसलेल्या माणसांची नावं घेऊन. म्हणजे त्या रात्री बोलला ते त्या रात्रीपुरतं. ह्यावर तुम्ही खूप वेळ गप्प होतात आणि मग म्हणालात, मग तू रेकॉर्ड का करत नाहीस.

डिसेंबर २००४ मधे मी पीडी-१५० कॅमेरा भाड्याने घेऊन गेले तेव्हा तुम्ही मला दोन गोष्टी बजावल्या होत्यात. एक, दोन माइक दोन वेगळ्या चॅनलवर, एक रंगमंचावर वरनं टांगलेला आणि दुसरा पेटी-पखवाजाजवळ, काही झालं तरी एकात मिसळायचे नाहीत. दोन, ऑटो लेव्हल बंद, कारण पात्र दम घ्यायला थांबलं की कॅमेरा आपणहून आवाज वर ओढणार आणि पुढची पखवाजाची थाप शून्यावर जाऊन आपटणार. थंडीत कुडकुडत हाताने लेव्हल धरून बसले मी, तीन मिनी कॅसेटी, त्या कॅमेऱ्याच्या डीव्हीकॅम पद्धतीत प्रत्येकी चाळीस मिनिटं, अख्खी रात्र काही आली नाही पण मामा जेवढा होता तेवढा आला.

परत आल्यावर मी म्हटलं आहे की कॅसेटींवर, कशाला अजून कॉपी. तुम्ही मिनी कॅसेट आणि डिजी बीटा शेजारी शेजारी ठेवलीत. ही पाव इंची टेप, ही अर्धा इंची. डीव्हीत चित्र पाचास एक दाबलेलं आणि जे दाबून गेलं ते डिजी बीटावर नेऊन काही परत येणार नाही हेही तुम्ही खरं खरं सांगितलंत, पण इथे दोनास एकच्या आसपासच दाबतात त्यामुळे अजून बिघडणार नाही, आणि मुख्य म्हणजे आवाजाला चार चॅनल मिळतात. मालकांची परवानगी तुम्ही काढलीत, रात्रीचा डेक मागून घेतलात. टेप कुठून आली हे मी विचारलंच नाही, शिल्लक असेल असं धरून चालले. ती तुम्ही स्वतःच्या पैशांनी नवी आणली होती हे मला दोन वर्षांनी दुसऱ्याच कुणाकडून कळलं. काका, डिजी बीटाची मोठी टेप तेव्हा काय भावाला येत होती ते मला माहितीय आणि तुमचा पगार काय होता तेही.

एका डेकवरनं दुसरा चालवायची ९ पिनची केबल लावून तीनही कॅसेटी आपण एकापुढे एक असेंबल केल्या, टाइमकोड कुठेही न तुटता, बार-टोनसकट सगळं १२४ मधे अगदी काठोकाठ बसलं. चॅनल १ ला रंगमंच, चॅनल २ ला पेटी-पखवाज, आणि संपलं तेव्हा तुमची शिफ्टही संपली होती. मी आवरायला लागले तर तुम्ही म्हणालात, घरी लावून बघणाऱ्या माणसाला दोन्ही कानांत एकत्र ऐकायचं असतं. म्हणून परत तिन्ही कॅसेटी पहिल्यापासून लावल्यात, मिक्सरमधनं दोन्ही माइक एकत्र केलेत आणि इन्सर्टमधे फक्त ऑडिओ ३ आणि ४ ची बटणं दाबून अजून दोन तास बसलात. मी मधे झोपले होते. जाग आली तेव्हा तुम्ही हेडफोन लावून कॉन्फी ऐकत होतात आणि कार्डावर तुमच्या त्या तिरक्या अक्षरात लिहीत होतात, "१ रंगमंच, २ पेटी-पखवाज, ३-४ एकत्र. १ आणि २ कधीही पुसू नये."

मला दिलेली डीव्हीडी ३-४ ची होती, घरच्यांनी तीच बघितली. २००९ मधे मामा गेला. २०११ च्या त्सुनामीत सोनीच्या टागाजोच्या टेप कारखान्यात पाणी शिरलं तेव्हा तुम्ही फोन करून म्हणाला होतात की आता सगळे फाइलवर जाणार, आणि तसंच झालं, २०१६ च्या मार्चमधे तर अर्धा इंची डेकची विक्रीच संपली. डिजी बीटाचा चालू डेक शोधायला मला ह्या वेळी चार महिने लागले. मिळाला तिथला मुलगा चोवीस-पंचवीसचा, मी म्हटलं टेप रात्रभर तुमच्या खोलीत राहू दे, उद्या येते, तो बघतच राहिला.

दुसऱ्या दिवशी टेप आत गेली, मी डोळे मिटून आवाज ऐकला, नीट लागली. बार आले, टोन -१८ वर सुईसारखा स्थिर, घड्याळ, १०:००:००:०० ला गॅसबत्तीच्या उजेडातला मंडप. टेप किती नीट वाचली जातेय ते दाखवणारा चॅनल कंडिशनचा दिवा शेवटपर्यंत हिरवा होता काका, एकदाही पिवळा झाला नाही. चारही चॅनल वेगवेगळे घेतले, आणि मग मी त्या मुलाला म्हटलं फक्त १ लाव.

पखवाज एकदम लांब गेला. मामाचा श्वास ऐकू आला, घुंगरं, फळीवर पाय आपटल्याचा आवाज. टाइमकोडवर १०:२३ च्या आसपास तो कॅमेऱ्यासमोर येऊन वाकतो हे मी डीव्हीडीवर शंभर वेळा बघितलंय, ओठ हलताना दिसतात, पण तिथे नेमका पखवाज दणाणत असतो आणि लोक हसतात एवढंच कळतं. त्या रात्री माझ्या कानाला हेडफोन होते तरी मी लेव्हल सांभाळण्यात होते, माझंही लक्ष नव्हतं. चॅनल १ वर ते स्वच्छ आहे. मला बोट दाखवून म्हणतो, "काय गो भाच्ये, माका त्या पेटयेत घातलंस, आता भायर कधी काढतलीस?"

आईला ऐकवलं. तिने सात-आठ वेळा लावायला सांगितलं.

काका, हा तुकडा पेन ड्राइव्हवर घालून कुरिअर केलाय, मोठ्या हेडफोनसकट. लेकीला म्हणावं १०:२३:१० पासून लाव, आवाज कुठे फाटलेला नाही, तुम्ही वर जागा ठेवली होतीत. दिवाळीनंतर मी आणि आई दोघी येतोय तुमच्याकडे, तेव्हा अख्खी टेप बसून बघू.

तुमची,
मशीन रूममधली पोरगी