शब्दकोडी सोडवून झाली साहेब, आता पुढे? : पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
सादर नमस्कार.

२१ सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, आपण आमच्या तालुक्यातल्या 'मेंदू तल्लख ठेवा' शिबिराला आलात, आभारी आहोत. वेळ अकराची होती, आपण आलात दीडला. तोवर सत्तरी-ऐंशीची माणसं मांडवात उकडत बसली होती. त्यांत माझी आई. जन्मभर शाळेत गणित शिकवलेली बाई, आता लघवीला लागली हेही तिला सांगता येत नाही. लुगडं भिजलं तरी तशीच बसून राहिली. आणि मंचावर आपलं चालू होतं : शब्दकोडी सोडवा, मेंदूला गंज चढू देऊ नका!

आई रोज पेपरातलं कोडं सोडवायची. एक दिवस सगळ्या चौकोनांत नुसतं 'क' भरलेलं दिसलं, तेव्हा आमचे डोळे उघडले. सरकारी दवाखान्यात म्हणाले, "वय झालं की व्हायचंच." आपण गेल्या वर्षी कबूल केलेल्या मेमरी क्लिनिकला, म्हणजे स्मरणशक्ती तपासायच्या दवाखान्याला, कुलूप. खिडकीतून सलाइनचे खोके दिसतात. पाटीवर फोटो मात्र आपला, झकास.

देशात साठीपुढच्या ८८ लाख लोकांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे म्हणतात. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा कारणं मांडली, ती आवरली तर जवळपास निम्मे रुग्ण टळतील किंवा आजार लांबणीवर पडेल. त्यांत रक्तदाब आहे, मधुमेह आहे, एकटेपणा आहे, ऐकू कमी येणं आहे. आईला दोन्ही कानांनी कधीपासून कमी ऐकू येत होतं. तालुक्यात कान तपासायचं यंत्रच नाही, कोडी मात्र फुकट! केरळने २०१४ मध्येच डिमेन्शियासाठी सरकारी योजना काढली. आपल्याकडे फ्लेक्स निघतात.

दिव्यांग कायद्याच्या २१ प्रकारांत पार्किन्सन आहे, डिमेन्शियाचं नावही नाही. म्हणजे दाखल्यासाठी दारोदार. पेन्शनच्या हयातीच्या दाखल्याला मशीन आईचा अंगठा घेईना. बाई समोर उभी, आणि साहेब म्हणतात हयात असल्याचा पुरावा आणा! या राज्यात जिवंत माणसापेक्षा कागद मोठा, मग तो सातबारा असो की पेन्शन. आणि सगळ्यांचा हिशेब एकच : घरात सून आहे, मुलगी आहे, बघतील त्या. मी नोकरी सोडली. माझ्या पगाराची तरतूद कुठल्या बजेटात आहे, तेवढं कळवा. रात्री दोनला आई कडी काढून "शाळेला उशीर झाला" म्हणत रस्त्यावर निघते, तेव्हा कुठल्या हेल्पलाइनला फोन लावू, तेही.

मागणं फार नाही. आठवड्यातून एक दिवस मेंदूविकाराचा डॉक्टर, कान तपासायची सोय, आणि घरी काळजी घेणाऱ्या बाईला चार तास सुटका मिळेल असं दिवसाचं केंद्र. पत्राला पोच नको. त्या खोलीची किल्ली तेवढी पाठवा, खोके आम्ही उचलू.

आपली,
एका निवृत्त शिक्षिकेची मुलगी