केतकी, तुझी वही परत सुरू कर

चि. केतकीस,
अनेक आशीर्वाद.

परवा तू दार आपटून गेलीस, ते मी मनावर घेतलेलं नाही. चुकलं माझंही. "सोडून दे ती नोकरी" हे फराळाच्या ताटावर बोलायला नको होतं. पप्पा तुला स्टँडवर सोडून आले आणि काही न बोलता कडबोळ्यांचा डबा उचलून तुझ्या खोलीत ठेवून आले. डबा न्यायची विसरलीस तू.

त्या रात्रीचं तुला आठवत नसेल. अडीचला तुझा फोन उशीखाली थरथरला. डोळे न उघडताच तू म्हणालीस, "हो सर, पाठवते," आणि कूस बदललीस. मला मात्र उजाडेपर्यंत डोळा लागला नाही.

तुझ्या झोपेबद्दल लिहायचं नाही असं ठरवून बसले आहे. कामाचंच लिहिते.

इतकी वर्षं कामगार कार्यालयात तक्रारींचे कागद वाचले. काम जास्त असणं वेगळं आणि जागाच वाईट असणं वेगळं. मार्चअखेरीला, रिलीजच्या आठवड्यात सगळेच जागतात. पण नंतर तास उतरतात की नाही ते बघायचं. तुझे जूनपासून उतरलेले नाहीत. चूक झाली की चुकीबद्दल बोलतात की चारचौघांत तुझी अक्कल काढतात? मंजूर झालेली रजा आदल्या दिवशी रद्द होते ती सगळ्यांची की ठरावीक दोघातिघांची? आणि वर्षभरात तुमच्या टीममधले किती जण दुसरी नोकरी हातात नसताना गेले? हे शेवटचं नीट मोज. माणूस असा निघतो तेव्हा कारण पगाराचं नसतं.

आता कायद्याचं. नुसतं ओरडणं, पाणउतारा करणं यासाठी आपल्याकडे वेगळा कायदा नाही, म्हणून "वातावरण वाईट आहे" अशी तक्रार कुठेच टिकत नाही. मोजता येतं तेच टिकतं. 2017 च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्यात दिवसाची मर्यादा 9 तासांची होती, ती 2025 मध्ये 10 केली, पण आठवड्याचे 48 तास तेच आहेत. त्यावरच्या तासांना दुप्पट दर. वर्षाला 8 किरकोळ रजा, आठवड्याची सुट्टी. व्यवस्थापकीय पदांना हा कायदा लागत नाही, म्हणून हल्ली कुणालाही "मॅनेजर" करतात. तुझ्या हाताखाली कुणी नाही, कुणाची रजाही तू मंजूर करत नाहीस. पदाच्या नावाला भुलू नकोस. प्रत्यक्ष काम काय करतेस ते महत्त्वाचं.

म्हणून वही कर. तारीख, वेळ, नेमके शब्द, कोण हजर होतं. त्याच दिवशी लिही, चार दिवसांनी लिहिलेलं शब्दाला शब्द जुळत नाही. ऑफिसच्या लॅपटॉपवर नको, कागदाची वही. लॉगिन-लॉगआउटच्या वेळाही त्यातच.

वहीवरून आठवलं. चौथीत तू दादाविरुद्ध वही केली होतीस. "3 जुलै, दादाने खोडरबर घेतला, दिला नाही. साक्षीदार आजी." शेवटी आजीची सही! ती वही माझ्या कपाटात आहे, साड्यांच्या खाली. एवढीशी असताना तुला जे कळत होतं ते आता का सुचत नाही, असं वाटून जातं. जाऊ दे, हे रागाने नाही लिहिलं.

तोंडी काम सांगितलं की लगेच दोन ओळींचा मेल टाक: "आज 4 वाजता सांगितल्याप्रमाणे हे काम उद्या सकाळी देते, त्यामुळे आधीचं गुरुवारी होईल." राग नको, विशेषणं नकोत. तुझ्या फोनवर आलेल्या मेसेजचे स्क्रीनशॉट नंबर आणि तारीख दिसेल असे घे, मूळ मेसेज पुसू नकोस. पण ऑफिसच्या फायली स्वतःच्या मेलवर कधीही पाठवू नकोस. खरी तक्रार असलेली माणसं इथेच अडकतात. गोपनीयतेचा भंग म्हणून उलट त्यांनाच नोटीस येते. पगाराच्या स्लिपा, नेमणूकपत्र, रजेचा तक्ता, चांगले अप्रेझल आजच उतरवून ठेव. राजीनामा दिला की पोर्टल बंद होतं.

एचआरला द्यायचं पत्र एका पानाचं असावं. तीन-चार प्रसंग, तारखा आणि एकच मागणी. टीम बदल म्हण किंवा रात्री 10 नंतर फोन नको म्हण. चार पानं दुःख लिहिलं की उत्तरात "समन्वय वाढवा" एवढंच येतं. एकटीने देऊ नकोस. एकटीने दिलं की महिन्याभरात "तुझं काम कमी पडतंय" असा कागद निघतो. दोघीतिघींच्या सह्या असल्या की ते जड जातं. नाहीच ऐकलं तर कामगार उपायुक्तांकडे.

आणि ऑफिसातला तो जे तुझ्या कपड्यांवरून बोलला, तो विषय वेगळा. त्याला कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा आहे. त्यासाठी कंपनीत असते त्या अंतर्गत समितीकडे लेखी तक्रार, शेवटच्या प्रसंगापासून 3 महिन्यांच्या आत. एचआरशी गोड बोलण्यात ती मुदत घालवू नकोस.

भाषण झालं बघ. तुला येतं सगळं, मला ठाऊक आहे. जत्रेत हरवलीस तेव्हाही रडली नव्हतीस, पोलिसाला आपला पत्ता सांगत होतीस. माईंना अजून सांगते मी ते, अगदी अभिमानाने.

पण 2024 च्या जुलैत पुण्यात ती सव्वीस वर्षांची सीए मुलगी जिवानिशी गेली. नोकरीला चार महिने झाले होते. तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना तिच्यावरच्या कामाच्या ओझ्याबद्दल पत्र लिहिलं. ते पत्र छापून आलं तेव्हा मी पुरतं वाचू शकले नव्हते. केतकी, मला तसलं पत्र लिहायचं नाही, म्हणून हे लिहिते आहे.

सहा महिन्यांच्या खर्चाएवढे पैसे तुझ्याकडे आहेत का, ते पप्पांना कळव, मला नको सांगूस हवं तर. नसले तर ते बघतील. विनूदादाची खोली मार्चपर्यंत रिकामीच आहे. 14416 हा टेली-मानसचा, मानसिक आधाराच्या सरकारी फोनसेवेचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. फोनमध्ये ठेव. नुसता ठेव.

शनिवारी विनूदादा येतोय, कडबोळी त्याच्याबरोबर पाठवते. आज रात्री फोन स्वयंपाकघरात ठेवून झोप. सकाळी उठल्यावर मला मिस्ड कॉल दे, किती वाजता उठलीस ते मी विचारणार नाही.

तुझी,
आई