दिवाळीच्या रंगाआधी कारंज्याच्या भिंतींचे फोटो निघावेत

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

पावसाची झड लागली की कारंज्याच्या (लाड) जुन्या बाजारातून छत्री घेऊन एक चक्कर मारावी, असे आपल्या वाचकांना सुचवावेसे वाटते. चुन्याची भिंत ओली झाली की वरचा हात पातळ दिसू लागतो आणि खालची अक्षरे वर येतात. मे महिन्यात जिथे नुसता मळकट पांढरा रंग दिसतो, तिथे झडीत 'अडत दुकान', 'सरकी, ढेप व बारदाना' असे स्वच्छ वाचता येते. ऊन पडले की पुन्हा काही नाही. एका भिंतीवर तर दोन पाट्या एकमेकींवर चढल्या आहेत. किराणा वरचा की कापड वरचे, हे तिथे पानठेल्यावर उभ्या असलेल्या मंडळींनाही ठरवता आले नाही. वाद मात्र चांगला रंगला.

सर्वांत जास्त मौज वाटली ती भिंतींच्या तोंडाची. जुन्या दुकानांची मोठी अक्षरे आजच्या वर्दळीच्या रस्त्याकडे नाहीतच. ती स्टेशनाच्या बाजूच्या आडभिंतींवर आहेत. मूर्तिजापूर–यवतमाळ 'शकुंतला' या छोट्या रेल्वेगाडीतून उतरलेला माणूस जिकडून पायी बाजारात शिरायचा, तिकडून वाचता येतील अशी. या गाडीला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते, हे आजच्या पोरांना सांगितले तर थट्टा वाटते. गाडी गेली, माणसे एसटी स्टँडच्या बाजूने येऊ लागली, दुकानांनी तोंडे फिरवली. जुन्या पाट्या मात्र अजून स्टेशनाकडे बघत आहेत. गावाची वाट कुठून कुठे सरकली हे कागदावर कोणी मांडून ठेवलेले नाही, या आडभिंतींवर ते आहे.

पत्तेही बघण्यासारखे. एका पाटीवर 'जि. अकोला (म. प्र.)' आहे. येणारेजाणारे हसतात, पेंटर चुकला म्हणतात. पेंटर चुकला नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मध्य प्रदेशातच होतो आणि राजधानी नागपूर होती. त्यानंतर साडेतीन वर्षे मुंबई राज्य, १ मे १९६० पासून महाराष्ट्र, आणि १९९८ मध्ये वाशिम जिल्हा वेगळा झाला. दुकान जागचे हलले नाही, पत्ता तेवढा बदलत गेला. पिनकोड नसेल तर पाटी बहुधा १९७२ च्या आधीची. भाव आण्यात असेल तर १९५७ च्या, म्हणजे नवे पैसे येण्याच्या, सुमाराची किंवा त्याआधीची. दोन आकडी फोन नंबर दिसला तर तो एक्स्चेंजमधल्या माणसाला तोंडी सांगावा लागे तेव्हाचा.

आणि दाराच्या फळ्या! शटर येण्याआधी दुकाने सागवानी फळ्यांनी बंद होत. खाचेत एकेक फळी सरकवायची, म्हणून प्रत्येक फळीवर आकडा टाकलेला. काही दुकानांत त्या अजून वापरात आहेत. एका ठिकाणी ७ नंतर थेट ९ आहे. मधली गेली कुठे, हे मालकालाही ठाऊक नाही.

जुने पेंटर गेरूत बुडवलेली दोरी भिंतीवर ताणून मारत, तिच्या रेघेवर अक्षरे बसवत आणि एका बाजूने दुसऱ्या रंगाची सावली देत. रंग कालवायला उकळलेले जवसाचे तेल. जवस तर आपल्याच वावरातले. कोपऱ्यात बारीक अक्षरात पेंटरचे आणि त्याच्या गावाचे नाव असे. कारंज्यातल्या एका पाटीखाली 'मूर्तिजापूर' लिहिलेले आहे. म्हणजे पेंटरही डबे-ब्रश घेऊन शकुंतलेनेच आला असावा.

अलीकडे ही अक्षरे जरा वेगाने जात आहेत. दुकानांवर मराठी पाट्या लावण्याच्या कायद्यात २०२२ मध्ये झालेल्या दुरुस्तीशी माझे भांडण नाही. दहापेक्षा कमी कामगारांच्या दुकानालाही मराठी पाटी लागली, मराठी अक्षर इतर लिपीहून लहान नको, हे योग्यच आहे. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली आणि फ्लेक्सवाल्यांना चांगले दिवस आले. गंमत अशी की आमच्याकडच्या रंगवलेल्या पाट्या मुळात मराठीतच होत्या. तरी सोबत म्हणून काहींनी त्यावर फ्लेक्स ठोकला. आपल्या उन्हात त्या फ्लेक्सचा लाल-पिवळा आधी उडतो आणि मालकाचा फोटो निळा पडतो.

दुसरा धोका स्वच्छतेच्या स्पर्धांचा. आधी सगळ्या भिंतींना एकसारखा रंग, मग त्यावर मोर, झाडे आणि घोषवाक्ये. हेतू चांगला आहे. पण अशाच एका भिंतीवर देवीचा रोगी कळवणाऱ्याला १००० रुपये बक्षीस देण्याची १९७५ च्या सुमाराची सरकारी सूचना होती. देवीचा रोग देशातून गेला त्याचा आमच्या गावातला तेवढाच पुरावा उरला होता, आता तिथे मोर आहे.

भिंत ज्याची त्याची. दुकानदाराने रंग देऊ नये असे मी म्हणणार नाही. दिवाळीत घरादाराला रंग लागणारच. मागणे एवढेच की, सार्वजनिक भिंतींचे कंत्राट देण्याआधी नगर परिषदेने त्यांचे फोटो काढून ठेवावेत, आणि बाजारपेठेतल्या भिंतींचे काम शाळांनी हाती घ्यावे. आठवी-नववीच्या मुलांना मोबाइल हातात घ्यायला निमित्त लागत नाही. आपणही जिल्हा पानावर आठवड्याला एक असा फोटो छापलात तर मंगरूळपीर, दारव्हा, आर्वी, हिंगणघाट इथून कितीतरी येतील.

मुलांना दोन गोष्टी सांगाव्या लागतील. फोटो झडीत, भिंत ओली असतानाच काढायचा. आणि फोटोखाली दुकानाच्या नावाबरोबर भिंतीचे तोंड कोणत्या दिशेला आहे, तेही लिहायचे.

आपला,
एक वाचक, कारंजा (लाड), जि. वाशिम