नाव आधी सासरी आण

पुणे,
18 जानेवारी 2026

प्रिय शोभा,

सप्रेम नमस्कार. तिळगूळ घे, गोड बोल.

तुझा परवाचा फोन डोक्यातून जात नाही. बचत गटातल्या बायका तुला ग्रामपंचायतीला उभी राहा म्हणून मागे लागल्यात, आणि तू म्हणालीस, "अगं, माझं नाव अजून माहेरच्याच मतदार यादीत आहे, मी कशी उभी राहणार?" एवढं बोलून तू विषयच मिटवलास. मला ते फार लागलं. आज रविवार आहे, घर शांत आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

गुरुवारी आमच्याकडे महापालिकेचं मतदान झालं. नेमकी किंक्रांत. सासूबाई करिदिनाला एरवी घरातलं नवं काही काढत नाहीत, पण त्या दिवशी सकाळी साडेसातलाच तयार होऊन बसल्या होत्या. "नऊ वर्षं वाट बघितलीय, आता दिवस कसला बघायचा?" म्हणाल्या. खरंच आहे ते. याआधीची निवडणूक 21 फेब्रुवारी 2017 ला झाली होती. मार्च 2022 मध्ये मुदत संपली आणि तेव्हापासून सगळा कारभार प्रशासकाकडे. आमच्या गल्लीतलं ड्रेनेज तुंबलं की हक्काने जाऊन उभं राहावं असं एक दार उरलं नव्हतं.

2017 ला मी यांच्याबरोबर केंद्रावर गेले होते. यांचं नाव सापडलं, सासूबाईंचं सापडलं, माझं नाही. लग्न होऊन सहा वर्षं झालेली, रेशनकार्डावर नाव चढलेलं, तेव्हा इथेही आपोआप आलं असेल अशी माझी समजूत. टेबलावरच्या माणसाने तीनदा यादी चाळली. मी बाहेर झाडाखाली सासूबाईंच्या चपला सांभाळत उभी राहिले. त्या दिवशी घरी येऊन मी रडले होते, हे तुला आजच सांगतेय. आपल्या गावाकडे जाऊन मत द्यायचं तर तिथे मी राहत नाही, आणि जिथे राहते तिथे माझी मोजदादच नाही.

पुढे मी एका ठिकाणी अर्ज हाती दिला, तो कुठे गहाळ झाला देव जाणे. पावती घेतली नव्हती. दुसऱ्यांदा निवडणूक आयोगाच्या ॲपवरून भरला, त्याचा नंबर आला, आणि त्या नंबरावरून अर्ज कुठवर पोचला ते बघता येत होतं. मग मतदार यादीचं काम बघणाऱ्या बीएलओ बाई घरी येऊन चौकशी करून गेल्या आणि नाव लागलं. आडनावाची दुरुस्ती नंतर वेगळी केली.

आता तुझं. फॉर्म 8 भरायचा, त्यात राहण्याची जागा बदलल्याचा रकाना आहे. पत्त्याचा पुरावा म्हणून आधार किंवा बँकेचं पासबुक चालतं. तुझ्या मतदार कार्डाचा नंबर तोच राहतो. तुला कुणीतरी "नवीन फॉर्म 6 भरून टाक, जुनं नाव राहू दे तिकडे" असं सांगितलंय ना, ते बिलकूल ऐकू नकोस. फॉर्म 6 पहिल्यांदा नाव घालणाऱ्यांचा. दोन ठिकाणी नाव ठेवणं कायद्याने चालत नाही, आणि खोटी माहिती दिली तर तो गुन्हा आहे. उद्या तू उमेदवारीचा अर्ज भरलास की विरोधक आधी तेच उकरून काढतील.

आणि घाई का करतेय तेही सांगते. ग्रामपंचायतीची म्हणून वेगळी नोंदणी नसते. राज्य निवडणूक आयोग एक तारीख ठरवतो, त्या दिवशी विधानसभेच्या यादीत जी नावं असतील तीच उचलून वॉर्डावॉर्डांत वाटली जातात. आमच्या वेळी ती तारीख 1 जुलै 2025 होती. त्यानंतर ज्यांनी नाव घातलं ते मतदानाच्या दिवशी हात चोळत बसले. प्रारूप म्हणजे कच्च्या यादीवर हरकत घेता येते, पण ती वॉर्ड चुकला, लिहिण्यात चूक झाली असल्या कारणांसाठी. नवीन नाव तिथे घुसत नाही. तुमच्या पंचायतीचं मतदान 15 जानेवारी 2021 चं, राज्यातल्या चौदा हजारांवर ग्रामपंचायतींबरोबर झालेलं. पाच वर्षं भरलीच आहेत. निवडणूक लागल्यावर धावाधाव करून काही उपयोग नाही.

एकदा नाव गावच्या यादीत आलं की तू कुठल्याही वॉर्डातून उभी राहू शकतेस, तुझं घर ज्या वॉर्डात आहे तिथूनच असं नाही. घरपट्टी-पाणीपट्टीची थकबाकी मात्र आजच भरून टाक आणि पावत्या एका पिशवीत ठेव. छाननीत त्याच्यावरूनही अर्ज उडतात.

भावजी म्हणतात, बायकांचं काय काम? त्यांना सांग, निम्म्या जागा बायकांच्याच आहेत. आणि राखीव जागांची घटनादुरुस्ती व्हायच्याही आधी, 1989 मध्ये, जळगावकडच्या विटनेरला आणि यवतमाळच्या मेटीखेड्याला अख्ख्या पंचायती बायकांच्याच निवडून आल्या होत्या. तुला तर पंप जळला की किती दिवस टँकर येत नाही, कुठल्या वस्तीवर हंडा भरायला पहाटे चारला उठावं लागतं, हे तोंडपाठ आहे. पंधराव्या वित्त आयोगाकडून पंचायतींना 2021-26 साठी आलेल्या निधीतला 60 टक्के हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्च करायचा असं बंधन आहे. तो कुठे गेला हे ग्रामसभेत विचारणारी बाई साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या तुमच्या गावाला हवी आहे, आणि मला तरी तुझ्याशिवाय दुसरी दिसत नाही.

गुरुवारी मशीनपुढे उभी राहिले तेव्हा हात थरथरत होता. आमच्या प्रभागात चार जागा, म्हणजे एकीला चार मतं. अ जागेला पांढरी मतपत्रिका, ब ला गुलाबी, क ला पिवळी, ड ला निळी. तीन बटणं दाबली तरी मशीन गप्प, चौथं दाबल्यावर लांब आवाज आला. बाहेर आले तेव्हा सासूबाईंनी माझं बोट हातात धरून मार्करची खूण नीट बघितली.

तुझं नाव माहेरच्या यादीत ज्या पानावर आहे, त्याचा फोटो काढायला दादाला सांगितलंय. भाग क्रमांक, अनुक्रमांक सगळं त्यावर असेल, आज रात्री तुला पाठवते. फॉर्म शक्यतो याच आठवड्यात भर. अडलं तर रात्री नऊनंतर फोन कर, आपण दोघी मिळून भरू. आणि अर्जाचा नंबर आला की आधी मला कळव.

मुलांना आशीर्वाद, तुझ्या सासूबाईंना नमस्कार.

तुझीच,
नंदा