योहाने खुर्चीतून उठली तेव्हा

कोपनहेगन,
रविवार रात्र

प्रिय सुमे,

तुझा अकरा मिनिटांचा व्हॉइस मेसेज काल ट्रेनमध्ये दोनदा ऐकला. वॉर्डातून उभी राहा म्हणून संघटनेतल्या सगळ्यांनी तुला धरलंय आणि तुझं एकच पालुपद, “आत गेलं की माणूस तिथलाच होतो.” फोनवर दोन वाक्यांत काहीतरी बोलून गेले असते. पण मला नीट सांगायचंय, म्हणून लिहायला बसले.

मागे एकदा मी तुला योहानेबद्दल ओझरतं बोलले होते. योहाने श्मिट-निल्सन. इथे पंतप्रधानांनाही लोक पहिल्या नावानेच हाक मारतात, तेव्हा मीही योहानेच म्हणते. ती इथल्या ओडेन्स शहरातली, तुझ्या-माझ्यासारखीच विद्यार्थिदशेपासून चळवळीत. २००७ च्या नोव्हेंबरात तेविसाव्या वर्षी खासदार झाली. तिचा पक्ष म्हणजे एनहेड्सलिस्टेन. एकेकट्याने निभाव लागेना म्हणून १९८९ मध्ये तीन छोटे डावे पक्ष एकत्र आले, त्यातून हा जन्मला. इथे संसदेत शिरायला देशभरातली २ टक्के मतं लागतात. त्या वर्षी यांना मिळाली २.२. काठावर पास! १७९ जणांच्या सभागृहात यांचे चौघं. मतपत्रिकेवर या पक्षाचं अक्षर Ø, आणि डॅनिशमध्ये या एका अक्षराचा अर्थ होतो ‘बेट’. तेव्हा ते खरोखर एक बेटच होतं.

या पक्षाला अध्यक्ष नसायचा. सगळा कारभार सामूहिक नेतृत्वाचा, बाहेर बोलायला एक प्रवक्ता. २००९ मध्ये ती जबाबदारी तिच्यावर आली, पंचविसाव्या वर्षी.

मी इथे आले २०१० मध्ये. डॅनिशच्या वर्गातल्या बाईंनी सांगितलं, निवडणुकीच्या चर्चा टीव्हीवर बघा, कान तयार होतो. मी वही घेऊन बसायचे. बाकीच्या पुढाऱ्यांचं निम्मं डोक्यावरून जायचं. योहाने बोलायला लागली की मला कळायचं! छोटी वाक्यं. भत्ता बंद झालेली बाई घरभाडं कसं भरणार, असे प्रश्न. आपल्या बैठकीत तू पटावरच्या मुलांचा आणि आलेल्या धान्याचा हिशेब मांडायचीस ना, अगदी तसं. एका नव्या भाषेत मला पहिल्यांदा कळलेलं राजकारण तिचं आहे, त्यामुळे माझं मन तिच्याकडे झुकतं, हे कबूल करते.

२०११ च्या सप्टेंबरात ४ चे १२ झाले. ग्रीनलँड आणि फेरो बेटांच्या चार जागा सोडल्या, तर डावीकडच्या पक्षांना ८९ जागा, उजवीकडच्यांना ८६. हिशेब तूच कर. हेले थॉर्निंग-श्मिट देशाची पहिली महिला पंतप्रधान झाली ती या बारा जणांच्या बाहेरून दिलेल्या पाठिंब्यावर, आणि त्यांचा चेहरा होती सत्तावीस वर्षांची योहाने.

तुझी भीती खरी ठरावी असं सगळं त्यानंतर घडलं. २०१२ च्या जूनमध्ये सरकारला करांची फेररचना करायची होती. यांच्याशीही बोलणी चालू, उजव्यांशीही. शेवटी सही झाली उजव्यांबरोबर. ज्यांच्या खांद्यावर उभे राहिलात त्यांनाच खाली ढकललंत! ती चिडली, आणि उघडपणे चिडली. पण सरकार पाडलं नाही. पाडलं असतं तर परत उजवेच आले असते. बेकारभत्त्याची मुदत २०१० मध्ये चार वर्षांवरून दोनवर आणली होती, ती काही तिला परत चारवर नेता आली नाही. हे अपयशच, मी ते झाकत नाही.

आणखी एक गोष्ट ऐक. २०१४ पासून असा नियम आला की लग्न न करता एकत्र राहणाऱ्या जोडप्यातला एक कमावता असेल, तर त्याने दुसऱ्याला पोसायचं. दुसऱ्याची सरकारी मदत कापली जाणार. बाईचं रोजचं जेवण सोबत्याच्या मर्जीवर. २०१५ च्या अर्थसंकल्पाला पाठिंबा देताना या पक्षाने तो नियम टप्प्याटप्प्याने काढून टाकायची अट घातली आणि ती पदरात पाडून घेतली. ही काही क्रांती नाही. पण कुणाच्या तरी घरात त्या महिन्याचं किराणा सामान आलं. सुमे, अंगणवाडी सेविकांचं थकलेलं मानधन जमा झालं त्या दिवशी तू रडली होतीस. मग याला छोटं कसं म्हणशील?

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते. ‘आत गेलं की माणूस तिथलाच होतो’ ही भीती या पक्षालाही होती. म्हणून त्यांनी दोन नियम केले. खासदाराने कुशल कामगाराच्या पगाराइतकंच स्वतःकडे ठेवायचं, बाकीचं पक्षाला द्यायचं. आणि ठरावीक वर्षं झाली की पुन्हा उमेदवारी नाही, मग तुम्ही कितीही लोकप्रिय असा. माणसाच्या चांगुलपणावर त्यांनी सगळं सोडलं नाही, कागदावर लिहून ठेवलं.

२०१५ मध्ये तिच्या पक्षाला १४ जागा मिळाल्या. तिथून पुढच्याच वर्षी तिने प्रवक्तेपद पेर्निले स्किपरकडे दिलं. २०१९ ला ती उभीच राहिली नाही. पस्तिशीत! आपल्याकडे या वयात युवा आघाडीचं पद मिळालं तरी पेढे वाटतात. पुढे ती मुलांसाठी काम करणाऱ्या ‘रेड बार्नेट’ या संस्थेची सरचिटणीस झाली.

नियमाची किंमतही पडते. तयार झालेलं माणूस ऐन भरात सोडावं लागतं, आणि २०२२ मध्ये पक्षाच्या जागा ९ वर आल्या. तरी मला वाटतं किंमत रास्त आहे. २००७ च्या त्या चौघांतल्या लीने बारफोडचंच बघ. तीही संसदेतून बाहेर पडली होती. २०२१ मध्ये कोपनहेगन महापालिकेत हा पक्ष सगळ्यांत मोठा ठरला, तेव्हा रस्ते आणि पर्यावरणाचं खातं तिच्याकडे आलं. त्या निवडणुकीत मलाही मत होतं, काही वर्षं राहिलेल्या परदेशी माणसाला इथे महापालिकेला मत देता येतं. शाळेच्या व्यायामशाळेत पडदा ओढून उभी राहिले, पंचासारखी लांबच लांब मतपत्रिका, आणि दोरीने बांधलेली पेन्सिल. Ø च्या खालच्या नावांवरून बोट फिरवताना तुझं नाव मनात आलं.

काकू म्हणतात तसं तू पंधरा वर्षं घरचं खाऊन लष्करच्या भाकऱ्या भाजल्यास. आता तुझी अट तू घाल. संघटनेच्या बैठकीत सगळ्यांसमोर लिहून घे, मानधनातलं किती संघटनेला द्यायचं, आणि एका मुदतीनंतर उठायचं, जागी दुसरीला बसवायचं. त्या दुसरीला आजपासून सोबत फिरव. तुझ्या मेसेजमध्ये मागून बोलणारी ती मुलगी कोण? तिचा आवाज मला आवडला.

अर्जाची शेवटची तारीख कळव. पत्रकाचा मजकूर मी लिहून देईन. सकाळी सहाला फेरीला निघण्याआधी फोन कर, माझ्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजलेला असतो. जागी असेन.

तुझीच,
वैजू