बाबांच्या जलरंगांबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

बाबा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, "जलरंग आपले विरंगुळ्यापुरते. प्रदर्शनात तैलचित्रंच शोभतात." मला ते अजिबात पटलं नाही. फोनवर सगळं सांगणं होत नाही, म्हणून लिहितेय.

लंडनच्या रॉयल अकॅडमी या कलासंस्थेतही एकेकाळी हाच समज होता. मोठमोठ्या तैलचित्रांपुढे जलरंगांना नीट जागा मिळायची नाही. केवळ जलरंगात काम करणाऱ्याला अकॅडमीचं सभासदत्वसुद्धा नसे. शेवटी १८०४ साली चित्रकार विल्यम वेल्स आणि त्यांच्या सोबत्यांनी स्वतःचीच संस्था काढली. पुढच्या वर्षी फक्त जलरंगांचं प्रदर्शन भरवलं, तर जवळजवळ १२ हजार माणसं पैसे मोजून आली! पुढे वाईट दिवसही आले. तग धरण्यासाठी १८१३ पासून काही वर्षं तैलचित्रंही घ्यावी लागली, पण १८२० नंतर संस्था पुन्हा जलरंगांवर आली. मला या चिकाटीचं फार कौतुक वाटतं. मग न्यूयॉर्कमध्ये १८६६ साली, स्कॉटलंडमध्ये १८७६ साली अशाच संस्था निघाल्या.

तुमच्या भागातली जलरंगांची संस्थाही तेच काम करते: वार्षिक प्रदर्शन, प्रात्यक्षिकं, नवशिक्यांना शिकवणं. पण मला महत्त्वाची वाटते ती तिथली जाणती नजर. तुमच्या पावसाच्या चित्रात ढगाची कड विरघळलीय, कारण कागद ओला असतानाच तुम्ही दुसरा रंग सोडलात. डबक्यातला उजेड म्हणजे तर नुसता कोरा राखलेला कागद. तैलरंगात पांढरा वरून लावता येतो, इथे तो आधीच ठरवून सोडावा लागतो. हे बघताक्षणी ओळखणारी माणसं तिथे भेटतील.

आई, फ्रेमचं तू बघ. माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आम्लविरहित हवा, काच चित्राला टेकता कामा नये, आणि उन्हाची भिंत नको. काही किरमिजी रंग उजेडाने उडतात, हे रसेल आणि ॲब्नी या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी १८८८ सालच्या अहवालातच दाखवून दिलंय.

त्या संस्थेचा प्रवेशअर्ज सोबत जोडलाय. बाबा, सही करा. चित्रं आई निवडेल, पण पावसाचं त्यात हवंच. पोचल्यावर कळवा.

तुमची,
मनू